मॉडेल टी की बीटल? आधी रस्ता बघा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: एका जुन्या संग्रहातून दोन गाड्या विकायला निघाल्या आहेत, 1923 ची फोर्ड मॉडेल टी टूरिंग आणि 1965 ची फोक्सवॅगन बीटल. तुमच्याकडे जागा एकाच गाडीची आहे. कागदावर बीटल सगळ्याच बाबतीत सरस दिसते, मग टीचं एवढं कौतुक का करतात? दोघींत थोर कोणती आणि घ्यावी कोणती?

गेली तीसेक वर्षं मी जुनी इंजिनं उघडतोय आणि या दोन्ही गाड्यांखाली भरपूर वेळ झोपलोय. घ्यायची कोणती, ते आधीच सांगून टाकतो. आठवड्यातून एकदा-दोनदा चालवायची असेल, घरच्यांना बसवून पन्नास-साठ किलोमीटर जायचं असेल, तर बीटल घ्या. पण थोर कोणती असं विचाराल तर मी टीचं नाव घेईन. ही दोन उत्तरं वेगळी का येतात ते नीट कळावं म्हणून पुढचं सगळं लिहितोय.

कागदावरच्या आकड्यांपासून सुरू करू. टीचं इंजिन जवळपास 2.9 लिटरचं आणि ताकद फक्त 20 हॉर्सपॉवर. बीटलचं 1192 सीसीचं, ताकद 34. म्हणजे टीला एका हॉर्सपॉवरसाठी 145 सीसी लागतात आणि बीटल तेच काम 35 सीसीत करते. वजनं मात्र दोघींची जवळपास सारखी, टी सातशे किलोच्या आत आणि बीटल साडेसातशेच्या आसपास. टी जेमतेम साठ-पासष्टचा वेग धरते, बीटल 115 पर्यंत जाते. हे वाचून कुणीही म्हणेल, तुलना संपली.

पण हे इंजिन एवढं सुस्त का ठेवलं, हे विचारायला हवं. टीचं कॉम्प्रेशन, म्हणजे सिलिंडरमधलं मिश्रण किती पट दाबलं जातं ते, सुरुवातीला साडेचारास एक होतं, पुढे तर ते आणखी उतरवून चारास एकपर्यंत आणलं. म्हणजे नंतरची गाडी कागदावर आधीच्या गाडीपेक्षा मागे गेली! कारण गाड्या वाढल्या तसं बाजारात मिळणारं पेट्रोल हलक्या दर्जाचं होत गेलं होतं. कॉम्प्रेशन जास्त ठेवलं असतं तर चढावर इंजिन ठोके मारू लागलं असतं. हाती येईल ते पेट्रोल पचवायचं, हँडल मारून सुरू व्हायचं आणि ओतीव बॅबिटच्या, म्हणजे मऊ मिश्रधातूच्या, बेअरिंगवर, तेही तेलाच्या पंपाशिवाय, वर्षानुवर्षं चालायचं, हे त्या इंजिनाचं काम होतं. फ्लायव्हील फिरताना तेल उडवतं, त्यातलं थोडं एका नळीने पुढे जातं, बाकीचं शिंतोड्यांवर भागतं. अशा इंजिनाकडून जास्त फेरे मागितले तर ते मोडेल. बीटलचं सातास एक कॉम्प्रेशन चाळीस वर्षांनंतरच्या पेट्रोलवर उभं आहे. त्यामुळे वेगवेगळ्या काळातल्या दोन गाड्या समोर आल्या की मी आकड्यांच्या आधी एक गोष्ट बघतो: ही गाडी कुठल्या रस्त्यासाठी बनवली होती? ते कळलं की बाकीचे बरेचसे तुकडे आपोआप जागी बसतात.

टी 1908 साली आली, तेव्हा अमेरिकेच्या खेड्यांत रस्ता म्हणजे घोडागाड्यांच्या चाकोऱ्या होत्या. पावसात चिखल, उन्हाळ्यात ढेकळं. टीच्या दोन चाकांतलं अंतर 56 इंच आहे, कारण तेवढ्याच अंतराच्या चाकोऱ्या बहुतेक ठिकाणी पडलेल्या असत. पुढे-मागे एकेकच पाटा, म्हणजे पट्ट्यांची स्प्रिंग, तोही आडवा. त्यामुळे एक चाक खड्ड्यात आणि दुसरं दगडावर असलं तरी अॅक्सल झुल्यासारखा तिरका होतो आणि चारही चाकं जमीन सोडत नाहीत. इंजिन चेसिसला तीनच ठिकाणी धरलेलं, म्हणजे चेसिसला पीळ पडला तरी इंजिनाच्या खोक्याला तडा जात नाही. आणि महत्त्वाच्या भागांना व्हॅनेडियमचं पोलाद. हेन्री फोर्ड यांच्या बरोबर पोलादाचं काम बघणारे हॅरोल्ड विल्स आणि आराखडे काढणारे हंगेरियन जोसेफ गालांब यांनी गाडी हलकी ठेवली, पण लेचीपेची होऊ दिली नाही. शंभर वर्षांपूर्वीचा टीचा पुढचा अॅक्सल मी हातात घेतो तेव्हा दरवेळी थबकतो. इतका बारीक दिसतो, पण वाकला तरी तुटत नाही.

तिच्या गिअरबॉक्सला लोक नावं ठेवतात. दोनच गिअर, आणि तीन पेडल असूनही ती आपल्या ओळखीची नाहीत. पण त्या काळात गिअर बदलायचा म्हणजे फिरते दाते एकमेकांत सरकवायचे, दात्यांचा वेग जुळवून देणारा सिंक्रोमेश हा प्रकारच नव्हता. ज्याने आयुष्यभर बैल किंवा घोडे हाकले, त्याच्या हाती असा गिअरबॉक्स दिला असता तर आठवड्याभरात दात्यांचा भुगा झाला असता. म्हणून टीत सगळे गिअर कायम एकमेकांत अडकलेले असतात. पेडल दाबलं की एका ड्रमभोवती पट्टा आवळतो आणि तो गिअर लागतो, दाते मोडायचा प्रश्नच नाही. आता हा गिअरबॉक्स चिखलात बघा. गाडी रुतली की डावं पेडल दाबायचं, पुढे. लगेच मधलं दाबायचं, मागे. पुन्हा डावं, पुन्हा मधलं. पाळणा हलवावा तशी गाडी हेलकावत स्वतःला बाहेर काढते. मी हे केलेलं आहे. आजच्या कुठल्याही गिअरबॉक्सला हे इतक्या सहज जमत नाही.

बीटलचा रस्ता याच्या अगदी उलटा. 1930 च्या दशकात जर्मनीत लांबच लांब सिमेंटचे महामार्ग बांधले जात होते आणि मागणी होती ती शंभरच्या वेगाने तासन् तास धावेल, कमी पेट्रोल पिईल आणि हजार मार्कांच्या आत मिळेल अशा गाडीची. तेव्हाच्या छोट्या गाड्या अशा रस्त्यावर दाबून चालवल्या की बेअरिंगं जाळून बसायच्या. फर्डिनांड पोर्शे यांच्या मंडळींनी काढलेलं उत्तर आजही मला चोख वाटतं. आडव्या चार सिलिंडरचं इंजिन मागे, हवेने गार होणारं, म्हणजे थंडीत उघड्यावर उभी राहिली तरी पाणी गोठून ब्लॉक फुटायची भीती नाही. स्ट्रोक, म्हणजे पिस्टनच्या एका धावेचं अंतर, फक्त 64 मिलिमीटर, टीचा 101.6. बीटलचं इंजिन दुपटीहून जास्त फेरे घेतं, तरी तिच्या पिस्टनचा वेग दुप्पट होत नाही. वर कार्ब्युरेटर आणि इनटेकची नळी मुद्दाम बारीक ठेवली. अॅक्सिलरेटर तळाला टेकवून दिवसभर सपाट रस्त्यावर गेलात तरी इंजिनाला हवाच एवढी मिळते की ते स्वतःला मारून घेऊ शकत नाही. तिचा सर्वाधिक वेग हाच तिचा दिवसभर टिकणारा वेग आहे.

तिचा इतिहास मात्र सरळ नाही, आणि ती दारात उभी करणाऱ्याला तो माहीत असावा. नाझी राजवटीत तीन लाखांहून जास्त लोकांनी या गाडीसाठी आठवड्याला तिकिटं चिकटवून पैसे भरले, पण त्या योजनेतून एकालाही गाडी मिळाली नाही. युद्धकाळात त्याच कारखान्यात हजारो माणसांना सक्तीने राबवलं गेलं. रचनेवर हान्स लेडविंका यांच्या टाट्रा गाड्यांची छापही उघड दिसते. 1945 नंतर ब्रिटिश लष्कराचे मेजर आयव्हन हर्स्ट यांनी पडझड झालेला कारखाना पुन्हा सुरू केला, आणि आपण जिला बीटल म्हणतो ती गाडी खऱ्या अर्थाने तिथून लोकांच्या हाती गेली.

आता चालवण्याकडे येतो, कारण तुम्ही आजवर फक्त नव्या गाड्या चालवल्या आहेत.

टीकडे सकाळी जाता तेव्हा सर्वात आधी खाली वाकावं लागतं. फ्लायव्हीलच्या खोक्यावर दोन तोट्या आहेत. वरचीतून तेल आलं तर तेल जास्त, खालचीतूनही आलं नाही तर कमी, दोन्हींच्या मधे असलं की ठीक. पेट्रोल बघायला पुढची सीट उचलायची आणि टाकीत काठी बुडवायची. मग स्टिअरिंगखालची डावी दांडी पूर्ण वर, म्हणजे स्पार्क उशिरा. उजवी दांडी थोडी खाली, ते पेट्रोल. हँड लिव्हर मागे ओढलेलाच हवा. पुढे जाऊन रेडिएटरशेजारची चोकची तार ओढायची, हँडल पाव फेरा वर खेचायचं. डाव्या हाताने, आणि अंगठा बोटांच्याच बाजूला ठेवून. स्पार्कची दांडी चुकून खाली राहिली तर इंजिन उलटा फटका मारतं आणि मनगट मोडतं. या गाडीने त्या काळात कितीतरी मनगटं मोडली आहेत. 1919 पासून स्टार्टर मिळू लागला, तुमच्या गाडीला असेलही, तरी हँडल शिकून घ्याच. गार सकाळी घट्ट तेलामुळे क्लचच्या चकत्या एकमेकींना चिकटलेल्या असतात आणि इंजिन लागताच गाडी हळूच पुढे, तुमच्या अंगावर सरकू लागते. म्हणून लिव्हरचं म्हटलं. जुनी माणसं मागचं एक चाक जॅकवर उचलून मग हँडल मारायची, आणि ते शहाणपणाचं होतं.

चालत्या टीत सगळ्यात मोठा धोका तुमच्या डाव्या पायाचा आहे. समोर काही आडवं आलं की नव्या गाडीची सवय असलेला माणूस दोन्ही पाय दाबतो. टीत उजवं पेडल ब्रेक आहे खरं, पण डावं तळापर्यंत दाबलं की पहिला गिअर लागतो आणि गाडी पुढे रेटली जाते. न्यूट्रल मधेच कुठेतरी आहे, ते पायाला शोधावं लागतं. अॅक्सिलरेटर पायात नाहीच, तो उजव्या हाताशी. मी शिकवायला बसतो तेव्हा पहिला पूर्ण तास मोकळ्या मैदानात फक्त थांबायला शिकवतो.

ब्रेकबद्दल थोडं सविस्तर सांगतो, कारण टी घेतलीत तर जीव यावरच अवलंबून आहे. पायाचा ब्रेक चाकांवर नाही, गिअरबॉक्समधल्या ड्रमवर आहे. तिथून थांबण्याची ताकद शाफ्टने मागच्या अॅक्सलपर्यंत जाते. म्हणजे अॅक्सलमधे काही बिघडलं तर गाडीची ओढ आणि ब्रेक दोन्ही एकाच क्षणी जातात. हे माझ्या बाबतीत झालंय. साध्या उतारावर होतो, मागून कड्कन् आवाज आला, ब्रेक दाबला तर गाडीला काहीच फरक पडला नाही आणि वेग वाढत गेला. हँड लिव्हर मागच्या चाकांतल्या छोट्या ओतीव लोखंडी शूंवर चालतो, तो सगळा जोर लावून ओढला. शू किंचाळले, गाडी थांबली, पण फार लांब जाऊन. घरी अॅक्सल उघडला तेव्हा ग्रीसमधे करड्या रंगाचा चुरा सापडला. डिफरन्शियलच्या, म्हणजे मागच्या दोन चाकांना ताकद वाटणाऱ्या गिअरच्या, बाजूचे थ्रस्ट वॉशर (त्याला बाजूला सरकू न देणाऱ्या चकत्या) मुळात बॅबिटचे होते. शंभर वर्षांत ते शिळ्या वडीसारखे भुसभुशीत होतात, एक दिवस चुरा होतो आणि क्राउन व्हील हे मोठं दातेरी चाक शाफ्टच्या टोकाच्या पिनियनपासून दूर सरकतं. आता ते वॉशर ब्राँझचे मिळतात. मालकाने 'अॅक्सल उघडून ब्राँझ घातलंय' असं पुराव्यासह दाखवलं नाही, तर तुम्ही घेतल्यावर पहिलं काम तेच. सोबत मागच्या चाकांना बाहेरून आवळणारे जादा ब्रेकही बसवून घ्या. गाडीचं मूळपण गेलं म्हणून कुणी नाक मुरडलं तर मुरडू द्या.

लाकडी आऱ्यांची चाकंही तपासा. चाक वरून धरून आत-बाहेर हलवा. करकर ऐकू आली तर आरे सुकून सैल झालेत. पाण्यात भिजवून ते फुगवणारे लोक असतात, त्यावर विसंबू नका, आरे नव्याने बसवून घ्यायला हवेत.

बीटलमधे बसलात की पाच मिनिटांत ती तुमची होते. चार गिअर, 1961 पासून चारही सिंक्रो, पेडल ओळखीची, ब्रेक हायड्रॉलिक. 65 सालची असल्यामुळे वीज सहा व्होल्टची, म्हणजे हेडलाइट अंधुक आणि स्टार्टर जरा आळशी. जाड केबल आणि स्वच्छ अर्थिंग दिलं की तेवढ्यावर भागतं, बारा व्होल्ट करायची घाई नको. एकच गोष्ट अंगवळणी पाडा. मागच्या चाकांचे अर्धे अॅक्सल गिअरबॉक्सशी सांध्यावर झुलतात. वेगात वळताना घाबरून अॅक्सिलरेटर सोडला तर मागचा भाग वर उचलला जातो, बाहेरचं चाक आत दुमडतं आणि शेपूट फिरतं. वेग वळणाआधी कमी करायचा, वळणात पाय स्थिर ठेवायचा.

बीटलचा खरा धोका चालवण्यात नसून लपण्यात आहे. टीचं सगळं उघडं असतं, बिघाड ऐकू येतो, दिसतो. बीटल वर्षानुवर्षं आतून सडते आणि बाहेरून चकाचक दिसते. दोन्ही बाजूंच्या उंबऱ्याखाली पत्र्याच्या पोकळ वाहिन्या आहेत, त्यांतून गरम हवा पुढे जाते. बॉडी फ्लोअरला बोल्टने जोडलेली असते तीही याच वाहिन्यांवर. त्या आतून गंजल्या की गाडीचा कणाच जातो. दारं उघडून रबर उचला, स्क्रूड्रायव्हरने उंबऱ्याचा तळ टोचून बघा. दाराची फट वर रुंद आणि खाली अरुंद, किंवा उलट, दिसली तर कुणीतरी बॉडीला आधार न देता वाहिन्या बदलल्यात. मागची सीट काढून बॅटरीखालचा पत्रा बघा, तिथे आम्लाने हमखास भोक पाडलेलं असतं. पुढे स्टेपनीच्या खोलग्यात सुरकुत्या असतील तर गाडी कधीतरी समोरून ठोकलेली आहे.

इंजिनाची परीक्षा सोपी आहे. बंद इंजिनाची खालची पुली दोन्ही हातांनी धरा आणि आत-बाहेर ढकला. नव्या इंजिनात क्रँकचं हे हलणं मिलिमीटरच्या दहाव्या भागाएवढं असतं, हाताला जवळपास कळतच नाही, आणि 0.15 मिलिमीटर ही त्याची शेवटची हद्द. टक्-टक् असा ठोका स्पष्ट जाणवला तर बेअरिंग आणि बहुधा इंजिनाचं केसही (बाहेरचं खोकं) गेलंय, म्हणजे पूर्ण इंजिन उघडायचं. त्यानंतर टॅपेट, म्हणजे व्हॉल्व ढकलणारे भाग. त्यांची व्हॉल्वपाशी असलेली फट इंजिन पूर्ण गार असतानाच मोजायची. तीन नंबरच्या सिलिंडरकडे खास लक्ष द्या, कारण या इंजिनात ऑइल कूलर पंख्याच्या खोक्याच्या आत त्याच बाजूच्या हवेत उभा आहे आणि तीन नंबरला आधीच तापलेली हवा मिळते. पुढे 1970 च्या दशकात कूलर बाजूला हलवला तो याचसाठी. त्या सिलिंडरच्या एक्झॉस्ट व्हॉल्वची फट दर वेळी कमी भरत असेल तर व्हॉल्व लांबत चाललाय आणि एक दिवस त्याचं डोकं तुटून पिस्टनमधे पडेल. खडखडणारा टॅपेट मला चालतो. पूर्वी वाजणारा अचानक गप्प झाला की मी गाडी बाहेर काढत नाही.

मग मी टीला थोर का म्हणतो? लोक बहुतेक वेळा संख्येचा दाखला देतात आणि मला तो पटत नाही. 17 फेब्रुवारी 1972 रोजी 1,50,07,034 वी बीटल कारखान्यातून बाहेर पडली आणि टीचा विक्रम एका गाडीने मोडला. पुढे 2003 मधे मेक्सिकोतल्या पुएब्लात शेवटची बीटल बनली तोवर आकडा 2,15,29,464 झाला होता. पण टीने आपला आकडा 19 वर्षांत, 1927 पर्यंत गाठला होता, आणि तोही अशा जगात जिथे बहुतेकांनी मोटार जवळून बघितलीही नव्हती. 1913 मधे हायलंड पार्कच्या कारखान्यात सरकती जोडणी सुरू झाली आणि एका चेसिसला लागणारा वेळ साडेबारा तासांवरून दीड तासाच्या आसपास आला. 1908 मधे 850 डॉलरला मिळणारी गाडी 1920 च्या दशकाच्या मध्याला 300 च्या खाली मिळू लागली. तुमची गाडी काळी असेल, कारण 1914 ते 1925 दुसरा रंग नव्हताच. बीटल बनवणाऱ्यांसमोर लोकांची गाडी कशी असते याचं उदाहरण होतं. टी बनवणाऱ्यांना ते स्वतः घडवावं लागलं, आणि घडवताना त्यांनी शेतकऱ्याचा चिखल, त्याचा हात आणि त्याच्या घरातला पाना एवढंच गृहीत धरलं. एक साधा माणूस एका दुपारी टीचं हेड काढून कार्बन खरवडून परत बसवू शकतो. मी आजवर जी इंजिनं उघडलीत त्यात इतक्या कमी भागांत इतकं काम करणारं दुसरं सापडलं नाही.

तरी तुम्हाला बीटलच सुचवतोय, कारण तुम्हाला घरच्यांना घेऊन आजच्या रहदारीत जायचं आहे आणि टीचे ब्रेक त्या रहदारीसाठी नाहीत. मोकळी जागा, रिकामा वेळ आणि शिकायची हौस हे तिन्ही असतील आणि मोठ्या रस्त्यावर जायचंच नसेल, तर मात्र टी घ्या, माझा आग्रह मागे घेतो. सुटे भाग दोघींचेही नवे बनतात, त्याची काळजी नको.

बीटल ठरली तर पहिल्या आठवड्यात दोन कामं करा. पेट्रोलचे सगळे रबरी पाइप बदला, पंख्याच्या खोक्यामागे लपलेलाही. कापडी वेष्टणाचा जुना पाइप वरून चांगला दिसतो आणि आतून तडकलेला असतो, आणि मागे पेटलेलं इंजिन पुढे बसलेल्याला उशिरा कळतं. दुसरं, बॅटरीवर जाड रबरी झाकण घाला. मागे दोन जड माणसं बसली की सीटच्या स्प्रिंगा थेट बॅटरीच्या टोकांना टेकतात.